साडूच्या विहिरीतली शिराझ

ऑस्ट्रेलियाहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न कांगारूचा विचारतात. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीत मला तो घरोघरी विचारला गेला. तर आधीच सांगून टाकतो, कांगारू पाहिले. गाडीच्या खिडकीतून पाहिले आणि ते आपल्या रस्त्यावरच्या गुरांइतकेच बेफिकीर वाटले. मी त्यांच्यासाठी गेलो नव्हतो. मी गेलो होतो लाल वाइन चाखायला. एकाच मळ्यातली, एकाच जातीच्या द्राक्षांची वाइन कोवळी असताना कशी लागते, दहा वर्षांनी कशी लागते आणि वीस वर्षांनी कशी, हे ओळीनं बसून बघायला. जे चाखलं त्यानं माझ्या पोटात असं दुखायला लागलं की ते अजून पुरतं थांबलेलं नाही. त्यामुळे हे वर्णन मी फार मोठ्या मनानं लिहीन अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

माझी बाग दिंडोरी तालुक्यात आहे. वडिलांच्या वेळेपासून खायची द्राक्षं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकभोवती वाइनचं वारं सुटलं, तेव्हा शेतकी कॉलेजात शिकलेला हा गृहस्थ पुस्तकं वाचून पेटला आणि पाच एकरांत शिराझ लावून मोकळा झाला. शिराझ म्हणजे काळी, बारीक, बियांनी भरलेली द्राक्षं. खायला काही उपयोग नाही, वाइनलाच चालतात. गाव हसलं. दोन हजार दोन साली पहिलं बरं पीक आलं. ओळखीच्या एका वायनरीत आमच्यासाठी वेगळं पिंप भरलं. पिंपाचा खर्च मी आणि माझ्या साडूनं अर्धा अर्धा केला होता, म्हणून बाटल्याही अर्ध्या अर्ध्या वाटल्या. त्यानंतर मात्र शिराझ वायनरीला विकण्यातच वर्षं गेली, आणि शेजारच्या बागा निर्यातीची द्राक्षं पिकवून पुढे निघून गेल्या.

शेवटी दोन हजार सहाच्या पावसाळ्यात माझी बायको मंदा म्हणाली, "येत्या छाटणीला एक तर नीट कात्री लावा, नाही तर कुऱ्हाड लावा. दरवर्षी तीच चर्चा मला नको आता."

त्याच ऑगस्टमध्ये द्राक्ष बागायतदारांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाला निघाली होती. मी मंदाला शब्द दिला. तिथल्या जुन्या वाइनच्या ओळीत आपली चार वर्षांची बाटली ठेवून बघतो. ती वयाबरोबर वाढलेली निघाली तर शिराझ राहील. नाही तर मी स्वतः कुऱ्हाड घेईन.

"आणि परत येऊन नवीन काही कारण सांगायचं नाही," ती म्हणाली.

आता साडूविषयी. रंगनाथ निफाडकडचा. त्याची बायको सुमन थोरली, माझी मंदा धाकटी. त्यामुळे वयानं तो माझ्याहून लहान असूनही सासुरवाडीला मोठा जावई तोच. अधिक महिन्यात सासूबाई आम्हाला अनारशांचं वाण देतात, तेव्हा पहिलं ताट रंगनाथपुढे येतं आणि दुसरं माझ्यापुढे. लग्न झाल्यापासून मी त्या दुसऱ्या ताटावर आहे. अनारसे दोन्ही ताटांत सारखेच असतात, हे मला मंदानं अनेकदा मोजून दाखवलं आहे. पण मोठेपण अनारशांत नसतं, ते आधी येण्यात असतं. तर या रंगनाथनंही तुकडीत नाव दिलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "भाऊ चाललेत म्हंल्यावर आपन काय घरी बसायचं का?"

ॲडलेड

विमानप्रवासात सांगण्यासारखं काही नाही, फक्त पाय सुजतात. पण ॲडलेडच्या विमानतळावर माझी जी फजिती झाली ती सांगतो. आमचे यजमान होते कॉलिन नावाचे एक वृद्ध शेतकरी आणि त्यांची बायको जून. त्यांच्यासाठी मी घरच्या बागेचे बेदाणे नेले होते. हिरवे, लांबट, एकसारखे निवडलेले, वर लाल फीत बांधलेला डबा. तिथल्या कायद्याला बाहेरच्या बियाण्याची आणि फळांची भलती धास्ती. गणवेशातल्या बाईंनी डबा उघडला, बेदाणे पाहिले, "सुंदर आहेत," म्हणाल्या आणि तितक्याच प्रेमानं ते पिवळ्या पिंपात ओतले. लाल फीत मात्र मला परत दिली.

रंगनाथनं यजमानीणबाईंसाठी येवल्याचा पैठणी शेला आणला होता. शेल्याला बिया नसतात. तो सुखरूप बाहेर आला. दोघांच्याही ट्रंकेत आपापल्या वाट्याची एकेक बाटली होती, दोन हजार दोनची, त्याही सुटल्या. माझी मी लोकरीच्या शालीत गुंडाळली होती. रंगनाथची त्याच्या जुन्या पायजम्यात होती.

संध्याकाळी जूनबाईंनी तो शेला पांघरला, जांभळा, सोनेरी काठाचा, आणि आरशापुढून हलेनात. मी हात हलवत उभा होतो. रंगनाथनं मोठेपणानं माझ्याकडे बोट दाखवून त्यांना सांगितलं, "ही ऑल्सो ब्रॉट. एअरपोर्ट टेकन." माझ्यावर दया दाखवायची संधीसुद्धा त्यानंच घेतली.

बरोसा, झोपलेल्या बागा

आपल्याकडे ऑगस्टात हिरवं गच्च असतं. तिथं तेव्हा हिवाळा सरत आलेला. बरोसाचं खोरं म्हणजे उतरत्या, मवाळ टेकड्या आणि त्यांवर मैलोन्‌मैल उघड्या काड्यांच्या बागा. एकाही वेलीला पान नाही. रांगांमधून मेंढ्या मजेत गवत खात होत्या. आपल्याकडे बागेत मेंढी शिरली तर दोन गावांत भांडण लागेल. तिथं मालकच त्यांना आत सोडतो. वेलींना पानं नाहीत तर खायचं काय, गवत खा, बाग स्वच्छ करा आणि जाताना खत टाकून जा.

रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांनी लगडलेली झाडं होती. रंगनाथनं गाडी थांबवायला लावली, उतरून फूल चुरगळून हुंगलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आरं, ही तं आपली बाभूळ हे. इथं येऊन गोरी झाली." कॉलिननं अर्थ विचारला, मी इंग्रजीत समजावून सांगितलं. कॉलिन पोट धरून हसले आणि हसून झाल्यावर रंगनाथच्याच पाठीवर थाप मारली. भाषांतर करणाऱ्याला थाप मिळत नाही.

कॉलिन सत्तरीचे, उंच, पँटला खांद्यावरून पट्टे लावलेले, हात आपल्या माणसांसारखेच चिरलेले. त्यांनी आम्हाला आपली सर्वांत जुनी शिराझ दाखवली. तिचं खोड माझ्या मांडीएवढं होतं, वळलेलं, काळं. त्यांच्या आजोबांनी लावलेली. मी खोडाला हात लावून उभा राहिलो. आपल्याकडे बाग दहा-पंधरा वर्षांची झाली की तिला म्हातारी म्हणतात आणि उपटतात. माझ्या वडिलांनी लावलेली एकही वेल आज जमिनीत नाही. त्या खोडाला हात लावल्यावर मला खरं म्हणजे आदर वाटायला हवा होता. मला राग आला. या माणसाला आजोबांची वेल मिळाली होती आणि मला फक्त आजोबांचं नाव मिळालं होतं.

"तुम्ही वर्षातून किती वेळा छाटता?" कॉलिननं विचारलं.

मी घसा साफ केला. आपल्या हवामानात वेल पूर्ण झोपत नाही, म्हणून एप्रिलला नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळांसाठी गोडी छाटणी, अशा दोन कराव्या लागतात, हे मी नीट मुद्देसूद सांगणार होतो. तेवढ्यात रंगनाथनं दोन बोटांची कात्री करून हवेत दोनदा चालवली. "टू टाइम. नो स्लीप. ग्रेप नो स्लीप, फार्मर नो स्लीप."

कॉलिन गंभीर झाले. म्हणाले, "बिचाऱ्या वेली." आणि मग रंगनाथकडे बघून, "बिचारे तुम्ही."

माझा घसा साफच राहिला.

दुपारच्या जेवणाला खिम्याचे बंद पाव होते, पाय म्हणतात त्याला, वर टोमॅटोचा गोड सॉस. चांगले लागतात, पण प्रत्येक घासाला वाटतं की कुणी तरी तिखट टाकायचं विसरलं आहे. तीन दिवसांनी मला नाशिकच्या मिसळीची इतकी आठवण येऊ लागली की स्वप्नात तर्री दिसली. रंगनाथच्या खिशात लसणाच्या चटणीची पुडी होती. सगळी लिहून, दाखवून, कायद्यानं सोडवून आणलेली. माझ्या हातात मात्र डब्याची लाल फीत होती. त्यानं न मागता मला चिमूटभर दिली, आणि मी ती खाल्ली. काय करणार, भूक लागली होती.

थंडीसाठी मी आपली माकडटोपी घातली होती. रंगनाथला कॉलिननं स्वतःचा जुना कोट आणि रुंद काठाची हॅट दिली. त्या दिवशी काढलेल्या फोटोत तो तिथल्याच कुठल्या तरी मळ्याचा मालक वाटतो आणि मी त्याचा रखवालदार.

पत्र्याची शेड

ज्यासाठी गेलो होतो ती दुपार आली. कॉलिनच्या घरामागं पत्र्याची मोठी शेड आहे, तिच्या तळघरात बाटल्या. वर जुन्या पिंपाच्या फळ्यांचं लांब टेबल. त्यावर पाच बाटल्या मांडलेल्या, पण प्रत्येकीला खाकी कागद गुंडाळलेला. सगळ्या त्यांच्याच मळ्याच्या शिराझ, वर्षं वेगवेगळी. चाखा आणि सर्वांत कोवळीपासून सर्वांत जुनीपर्यंत ओळ लावा, असा खेळ.

चाखून थुंकायचं असतं, गिळायचं नाही, नाही तर तिसऱ्या पेल्यानंतर सगळ्याच वाइन चांगल्या लागतात. टेबलाशेजारी बादली ठेवली होती. मला ते जमेना. तोंडात घेतलेलं अन्न थुंकायचं म्हणजे आपल्या संस्काराविरुद्ध, आणि थुंकायला गेलो की हनुवटीवर ओघळ. रंगनाथ तंबाखूवाला. तो जागचा न हलता नेमकी पिचकारी मारायचा आणि ती बादलीच्या मधोमध पडायची. कॉलिननं मान डोलावली. इतकं स्वच्छ थुंकणारा पाहुणा या शेडमध्ये याआधी आला नव्हता, असं ते म्हणाले.

पण चाखण्यात मी कुणाला ऐकणार नव्हतो. कोवळी वाइन मी वासावरूनच ओळखली आणि ओळीत पहिली ठेवली. काळी-जांभळी, पेल्याला डाग पाडणारी, नाकात जांभूळ आणि मिरी, आणि तोंडात घेतली की हिरडा चघळल्यासारखी जीभ आखडते. दुसरीत जांभूळ होतं, पण ते मागे सरकलेलं आणि लवंगेचा वास पुढे आलेला. तिसरीच्या कडेला विटकरी रंग चढू लागला होता. ती तोंडात शिरली तेव्हा आखडणं कुठल्या कुठे गेलेलं. चौथी फिकी, थकलेली, पहिल्या क्षणी वाटे की हीच सर्वांत म्हातारी. पाचवी भिजवलेल्या चिंचेच्या कोळासारखी तांबूस. तिला वास होता ओल्या मातीचा, सुक्या अंजिरांचा, तंबाखूच्या पानाचा. आणि गिळल्यावर (होय, ती मी गिळली) तिची चव इतका वेळ तोंडात राहिली की पाण्याचा पेला मी बाजूला सारला.

मी चौथी आणि पाचवीपाशी बराच वेळ थांबलो. चौथी म्हातारी नव्हती, अशक्त होती. मी तिला चौथ्याच जागी ठेवलं. रंगनाथनं तिला सर्वांत शेवटी ठेवलं.

कॉलिननं कागद काढले. माझी ओळ जशीच्या तशी बरोबर. चौथी पंधरा वर्षांची होती, काढणीच्या वेळी पाऊस झालेल्या सालातली. पाचवी वीस वर्षांची. कॉलिननं माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. तुकडीनं टाळ्या वाजवल्या. रंगनाथ म्हणाला, "भाऊंचं नाक लय भारी." त्या दुपारी, साधारण चहा निवेपर्यंत, मी मोठा जावई होतो.

मग कॉलिननं त्या पाचव्या बाटलीची गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांनी दरवर्षी थोड्या बाटल्या बाजूला ठेवायची रीत घातली. घरात मूल जन्मलं की त्या सालच्या बाटल्या त्याच्या नावानं. आज उघडलेली त्यांच्या नातीच्या सालची. ती एकवीस वर्षांची होईल तेव्हा बाकीच्या उघडतील. वडील गेले, पण त्यांनी ठेवलेल्या बाटल्या अजून तळघरात आहेत आणि अजून सुधारताहेत.

ते बोलत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमची पॅकिंगची शेड होती. आम्ही द्राक्षवाले. सकाळी तोडायचं, दुपारी निवडायचं, संध्याकाळच्या आत माल गाडीत चढलाच पाहिजे. ढग आला की जीव घशाशी. आमच्या घरात द्राक्षाचा घड कुणी उद्यासाठी ठेवत नाही, कारण उद्या तो सडतो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर घाईच केली. मला त्यांनी जमीन दिली, शिक्षण दिलं, पण थांबण्यानं चांगली होते अशी एकही वस्तू आमच्या घरात कधी नव्हती. शिराझ मी त्यासाठी लावली होती. हे मला त्या टेबलाशी बसल्यावर समजलं, आणि कॉलिनच्या त्या नातीचा, जिला मी पाहिलंही नव्हतं, मला हेवा वाटला.

"आता तुमची," कॉलिन म्हणाले.

मी शाल सोडून माझी बाटली पुढे केली. चार वर्षं तिला मी हात लावला नव्हता. पहिल्या वर्षी एक उघडली होती, ती चांगली होती, आणि नंतर पुस्तकात वाचलं होतं की उगाच उघडू नका. बूच जरा वर सरकलेलं दिसलं, बाजूनं लाल ओघळ वाळलेला. मी स्वतः काढलं. पेल्यात ओतली आणि पेला उजेडाकडे धरला. चार वर्षांची वाइन कॉलिनच्या वीस वर्षांच्या वाइनपेक्षा तपकिरी होती. वास करपलेल्या गुळाचा आणि उकडलेल्या मनुकांचा. तोंडात काहीच नाही, नुसतं आंबट पाणी.

कॉलिननं हुंगली, घोट घेतला, थुंकला आणि पेला हलकेच खाली ठेवला. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, तेच मला जास्त लागलं. "कुठे ठेवली होती?"

आता कांदाचाळ इंग्रजीत कशी सांगायची? बांबूच्या पट्ट्यांच्या भिंती, वर छप्पर, खालून आणि बाजूंनी वारा खेळता. उन्हाळ्यात काढलेला कांदा तिच्यात दिवाळीपर्यंत टिकतो. आमच्याकडे टिकवायची म्हणून एकच वस्तू असते, कांदा, आणि टिकवायची म्हणून एकच जागा असते, चाळ. पुस्तकात लिहिलं होतं, अंधार हवा, हलवाहलव नको, सिमेंटच्या तापणाऱ्या खोलीत ठेवू नका. मी विचार केला, चाळीहून चांगलं काय? कांद्यामागं कोपऱ्यात, पोत्यांत, आडव्या रचून ठेवल्या. कांदा सडत नाही तिथं वाइन कशी सडेल?

कॉलिननं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा चारही बाजूंनी?"

"कांद्याला वारा लागतो," मी म्हणालो.

"कांदा जिवंत असतो, त्याला श्वास घ्यायचा असतो," ते म्हणाले. "हिला गार, ओल्या जागी पडून राहायचं असतं."

संपलं, मी मनात म्हणालो. कुऱ्हाड. मंदाला विमानतळावरूनच फोन करतो. पाच एकर, सात-आठ वर्षं, आणि हसलेलं गाव बरोबर होतं.

तेवढ्यात रंगनाथनं पायजमा उलगडला. "माझी पन बघा की. भाऊंच्याच बागेची हे."

मला खरं तर नको होतं. एकाच पिंपातली वाइन, मेलेल्याचं दुसऱ्यांदा तोंड कशाला बघायचं? पण कॉलिननं बूच काढलं. बूच कोरडं, जागच्या जागी. पेल्यात रंग उतरला गडद लाल, कडेला जेमतेम विटकरी झाक. मी हुंगली. जांभूळ. त्यामागं लवंग, आणि त्याच्याही मागं पहिल्या पावसाळ्यातल्या माझ्याच बांधावरच्या मातीसारखं काही तरी. घोट घेतला. कॉलिनच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बाटलीच्या मधे कुठे तरी ती आरामात बसली असती.

कॉलिननं पुन्हा ओतून घेतली. या वेळी थुंकले नाहीत. "ही वाढतेय," ते म्हणाले. "अजून सहा-सात वर्षं तरी वाढेल. कुठे ठेवली होती?"

रंगनाथनं हातानं खोल, गोल काही तरी दाखवलं, मग दोर ओढल्याचं, मग बादली. विहीर. मी भाषांतर केलं. "माय वाइफ," तो म्हणाला, "नो बॉटल इन हाउस. गॉड इन हाउस."

झालं होतं असं. बाटल्या घरी नेल्या त्या दिवशी सुमनताईंनी उंबऱ्यातच अडवलं होतं. घरात देव आहेत, हे इथं चालणार नाही. आणि रंगनाथनं बायकोच्या धाकानं सगळ्या बाटल्या गोणपाटात बांधून मळ्यातल्या दगडी विहिरीच्या पायऱ्यांशेजारी जो कोनाडा आहे त्यात नेऊन कोंबल्या होत्या. पाण्याजवळ, अंधारात, गारव्यात. कॉलिनच्या तळघराला निफाड तालुक्यात दुसरी इतकी जवळची जागा शोधूनही सापडली नसती. मी चार पुस्तकं वाचून वाइन चाळीत उकडली आणि यानं शिव्या खाऊन ती विहिरीत वाढवली.

सगळे हसत होते. जूनबाई शेला सावरत म्हणाल्या, "तुमच्या पत्नीचे आभार मानायला हवेत." माझी शिराझ वाचली होती. माझी वेल, माझी माती, माझं पीक, सगळं खरं निघालं होतं, आणि ते सिद्ध रंगनाथच्या विहिरीनं केलं होतं. आनंद झाला नाही असं म्हणत नाही. पण आनंदाच्या आधी जे आलं ते काय होतं हे मला नक्की माहीत आहे. मला वाटलं, त्याचीही खराब निघाली असती तर बरं झालं असतं. पाच एकरांवर कुऱ्हाड चालली असती तरी चाललं असतं.

परतताना गाडीत रंगनाथ माझ्या शेजारी बसला. हॅट मांडीवर. "भाऊ, तुमच्या बागेनं नाव काढलं बरं का."

"तुमच्या विहिरीनं," मी म्हणालो.

"विहीर तं काय, आजानं खांदलेली हे," तो म्हणाला आणि घोरायला लागला. म्हणजे यालाही आजोबांचं काही तरी मिळालेलंच होतं.

निफाडकडची विहीर

घरी आल्यावर मंदानं चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "कात्री की कुऱ्हाड?"

"कात्री."

"म्हणजे आपली बाटली चांगली निघाली?"

मी चहा बशीत ओतला, एक घोट घेतला. "रंगनाथरावांची निघाली."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. चाळीतल्या बाटल्या मी दुसऱ्याच दिवशी उघडून बघितल्या. एकही वाचली नव्हती. शेतातल्या खड्ड्यात ओतून टाकल्या.

पुढच्या आठवड्यात मी रंगनाथच्या मळ्यात गेलो. सुमनताई भाजी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "दाजी, तुमची ती दारू अजून विहिरीतच हे बरं, मी घरात येऊ दिली नाय." त्यांना अभिमान होता आणि तो योग्यच होता.

विहिरीच्या पायऱ्या शेवाळलेल्या. कोनाड्यात हात घातला तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत तो बरोसाच्या तळघरासारखा गार लागला. बाटल्यांवर मातीचा थर, आडव्या, शांत. रंगनाथ वरून म्हणाला, "अर्ध्या न्या की घरी. तुमच्याच हेत."

देण्याचा मोठेपणासुद्धा त्याचाच. मला नको म्हणायचं होतं. मी नेल्या नाहीत, कारण नेऊन ठेवणार कुठे? गंगापूर रोडच्या फ्लॅटला विहीर नसते. "इथंच राहू द्या," म्हणालो. "पण अर्ध्या माझ्या."

"माझ्या म्हनलं तरी तुमच्याच," तो म्हणाला.

पुढच्या हंगामात शिराझचं आणखी एक पिंप भरलं. त्याच साली रंगनाथला नातू झाला. बाटल्या ठेवायला आम्ही दोघं विहिरीत उतरलो तेव्हा तो म्हणाला, "त्या कॉलिनच्या बापावानी एक बाटली पोराच्या नावानं ठेवू ना भाऊ?" ही कल्पना मी बरोसाहून एवढ्या लांब जपून आणली होती, कुणाला बोललो नव्हतो. माझ्या घरी नातवंडाचा अजून पत्ता नाही. मी स्वतःच्या हातानं त्या सालच्या माझ्या शिराझची सर्वांत चांगली बाटली काढली, तिच्यावर त्याच्या नातवाचं नाव रंगवलं आणि कोनाड्यात सर्वांत आत, जिथं गारवा अधिक लागतो तिथं ठेवली. हे मी का केलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आता महिन्यातून एकदा तरी मी तिथं जाऊन येतो. निफाडकडे निघताना मंदा विचारते, बाटल्या बघायला चाललात की साडूला. मी सांगतो, बाटल्या. ती बाटली वीस वर्षांनी उघडायची आहे. तोवर आम्ही दोघं म्हातारे झालेले असू, त्याची तंबाखू सुटलेली असेल आणि माझं नाक गेलेलं असेल. एवढं मात्र मला कळतं की ती उघडताना रंगनाथ समोर नसला, तर ती कशी लागली हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. आणि तो असला, तर पहिला पेला त्याच्याच हातात जाईल. मोठा जावई तो.